फ्यूझर हवा, पण विजेसाठी नको

सुरुवात हिशेबानेच करू. टेबलावर मावणारं फ्यूजनचं, म्हणजे अणूंची केंद्रकं एकत्र करणाऱ्या संमीलनाचं, एक छोटं यंत्र असतं, त्याला फ्यूझर म्हणतात. त्याला ३० हजार व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर दिले, म्हणजे आत ३०० वॅट गेले. त्यातून सेकंदाला १० लाख न्यूट्रॉन बाहेर आले, तर हौसेने बांधलेल्या यंत्राची ती उत्तम कामगिरी मानतात. एवढ्या न्यूट्रॉनांमागे साधारण २० लाख संमीलनं होतात. त्या सगळ्यांची ऊर्जा एकत्र केली तरी एका वॅटचा दहा लाखावा भाग, फार तर त्याहून किंचित जास्त. ९ वॅटचा एक एलईडी दिवा पेटवायला अशी ७५ लाखांहून अधिक यंत्रं लागतील. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे माणशी दोन यंत्रं, आणि सगळ्या जिल्ह्यात मिळून दिवा एक.

तरीही असं एक यंत्र कोल्हापुरात असावं, तेही सार्वजनिक पैशातून, आणि शिवाजी विद्यापीठ आणि उद्यमनगरातले कारखानदार यांनी ते मिळून बांधावं, असं माझं म्हणणं आहे. अट एकच. त्यासाठी पैसे मागताना विजेचं नाव काढायचं नाही. वीज मिळेल असं सांगून हे यंत्र आणलं तर दोन वर्षांत लोक विचारतील, "काय झालं हो त्या विजेचं?" आणि मग यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर चढेल. मोजमाप शिकवणारं उपकरण म्हणून आणलं, तर ते वीस वर्षं काम देईल.

यंत्र तसं साधं आहे. अमेरिकेत टेलिव्हिजनच्या शोधात ज्यांचा मोठा वाटा होता त्या फिलो फार्न्सवर्थ यांनी साठच्या दशकात ही कल्पना पुढे नेली, आणि रॉबर्ट हिर्श यांनी १९६७ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. बाहेर स्टेनलेस स्टीलचा पोकळ गोळा, त्याच्या मधोमध तारेची छोटी जाळी. गोळ्यातली हवा काढून घ्यायची, किंचित ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचंच जड रूप, सोडायचा आणि जाळीला उणे व्होल्टेज जोडायचं. धनभारित आयन जाळीकडे धावतात, तारांमधून आरपार जातात आणि पलीकडून परत फिरतात. या येरझाऱ्यांत क्वचित दोन ड्युटेरियम केंद्रकं इतकी जवळ येतात की एकत्र होतात. निम्म्या वेळा त्यातून हेलियम-३ आणि एक न्यूट्रॉन निघतो, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि एक प्रोटॉन. अमेरिकेत २००८ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाने असं यंत्र चालवून दाखवलं, आणि तेव्हापासून जगभरच्या वर्तमानपत्रांना ही बातमी अधूनमधून लागते: शाळकरी मुलाने घरात सूर्य बनवला!

ही बातमी धड खोटी नाही, धड खरीही नाही. ३० हजार व्होल्टमधून धावलेल्या आयनाची ऊर्जा तापमानाच्या भाषेत मांडली तर ती ३५ कोटी अंशांच्या घरात जाते. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश. मथळा लिहिणाऱ्याने 'सूर्याहून वीसपट उष्ण' असं लिहिलं तर गणित चुकलं असं म्हणता येणार नाही. पण तापमान ही गर्दीची गोष्ट आहे. मूठभर आयन एका दिशेने जोरात पळतात म्हणून त्या भांड्यात तेवढी उष्णता आहे असा अर्थ होत नाही. एका प्रदर्शनात काचेच्या बरणीत जांभळट गुलाबी गोळा चमकत होता, वर फलक 'कृत्रिम सूर्य'. परीक्षक विचारत होते, किती युनिट वीज मिळेल. मी त्या मुलाला विचारलं, "आत वायू कुठला?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "हवाच हाय सर." नायट्रोजनचा तो रंग. संमीलनाचा तिथे संबंधच नव्हता, आणि त्या पोराने तसा दावा केलाही नव्हता. दावा फलकाने केला होता आणि बक्षीसही फलकालाच मिळालं. मुलाच्या हातात मात्र खरी विद्या होती. गळती शोधून पंपाने तेवढा दाब उतरवणं हे सोपं काम नव्हे, पण त्याबद्दल त्याला कुणी काही विचारलंच नाही.

तांबड्या रश्श्याचा तवंग बघून मटण शिजलंय का ते कळत नाही. फ्यूझरच्या खिडकीतून दिसणाऱ्या चमकत्या गोळ्याचं तेच आहे. गंमत म्हणजे खऱ्या, ड्युटेरियमवर चालणाऱ्या यंत्रातही बरीचशी संमीलनं त्या सुंदर केंद्रात होतच नाहीत. वेगवान आयन आणि वेगवान उदासीन अणू आजूबाजूच्या मंद वायूवर आपटतात, किंवा तारेत आणि भिंतीत मुरलेल्या ड्युटेरियमवर, आणि संमीलन घडतं ते तिथे. फोटो काढायची जागा एक आणि काम चालतं ती जागा दुसरी.

म्हणून या विषयातला खरा प्रश्न मोजण्याचा आहे, आणि भल्याभल्यांची फजिती तिथेच झाली आहे. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभांनी भाकीत केलं होतं की येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याचा मार्ग सापडेल. भाकीत चुकलं, त्याचं काही नाही. मोठा माणूस मोठं स्वप्न बघतो. पण १९५८ च्या जानेवारीत ब्रिटनने झेटा नावाच्या यंत्रातून फ्यूजनचे न्यूट्रॉन मिळाल्याचं जाहीर केलं, जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्यासारखा नोबेलविजेता त्याच्या पाठीशी उभा राहिला, आणि चारेक महिन्यांत दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन खरे होते, पण ते तापलेल्या प्लाझ्मातून, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूतून, आलेले नव्हते. प्लाझ्मा अस्थिर होऊन काही आयनांना धक्के बसत होते, त्यांचे ते होते. १९८९ च्या मार्चमध्ये यूटात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेऊन टेबलावरच्या भांड्यात शीत संमीलन झाल्याचं सांगितलं. जगभरच्या प्रयोगशाळांनी तेवढे न्यूट्रॉन शोधले, ते सापडले नाहीत. या दोन्ही कथा आमच्या बीएस्सीच्या पोरांना परीक्षेसाठी चार ओळींत येतात. त्या हाताने अनुभवायच्या असतील तर न्यूट्रॉन देणारं आणि न्यूट्रॉनचा भास निर्माण करणारं यंत्र समोर पाहिजे. फ्यूझर दोन्ही करतो!

ते कसं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभाच तो आहे. उच्च व्होल्टेजच्या यंत्रात ठिणगी पडते. ती पडली की आसपासच्या तारांत विजेचा झटका उमटतो, आणि न्यूट्रॉन मोजणारी नळी ज्या मोजकाला जोडलेली असते तो प्रत्येक झटक्याला 'एक न्यूट्रॉन' म्हणून नोंदवतो. पडद्यावर आकडा भराभर चढतो, पोरं टाळ्या वाजवतात. यावर पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. ड्युटेरियम काढा, तेवढ्याच दाबाने साधा हायड्रोजन भरा आणि व्होल्टेज, करंट सगळं तसंच ठेवून यंत्र पुन्हा चालवा. आकडा तरीही चढला तर तुम्ही ठिणग्या मोजत होता. स्वतःच्या आवडत्या निकालावर असा घाव घालायची सवय आपल्या महाविद्यालयांत कुठे लागते? प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधीच ठाऊक असतं आणि निरीक्षणं त्याला जुळवून लिहिली जातात.

दुसरा उपाय कोल्हापूरला खास शोभणारा आहे. न्यूट्रॉन मेणातून किंवा प्लास्टिकच्या जाड ठोकळ्यातून मंद केले आणि वाटेत चांदीचा पत्रा ठेवला, तर चांदीचे काही अणू ते न्यूट्रॉन गिळतात आणि काही काळ किरणोत्सारी होतात. निसर्गातल्या चांदीत दोन समस्थानिकं जवळपास निम्मी-निम्मी असतात. एकापासून बनणाऱ्याचा अर्धायुकाल (निम्मे किरणोत्सारी अणू विरायला लागणारा वेळ) सुमारे २४ सेकंद, दुसऱ्यापासून बनणाऱ्याचा सुमारे २.४ मिनिटं. यंत्र बंद करायचं, पत्रा उचलून किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर नळीखाली ठेवायचा आणि दर दहा सेकंदांनी आकडा लिहायचा. उतार आधी झपाझप असतो, मग संथ. आलेखावर दोन वेगळे उतार दिसले तर न्यूट्रॉन आले होते. यंत्र बंद असल्यामुळे ठिणगीचा गोंधळ नाही, आणि २४ सेकंदांचा तो उतार कुणाला ठरवून काढता येत नाही. चांदीच्या दागिन्यांची हुपरी इथून किती लांब? पैंजणाची चांदी मात्र चालणार नाही. त्यात तांबं मिसळलेलं असतं आणि तांबंही न्यूट्रॉन गिळून स्वतःचा वेगळाच उतार मधे घुसवतं. शुद्ध पत्रा पाहिजे. हुपरीतल्या कारागिराला कस लावायला सांगायची गरज नाही, त्याचा जन्म त्यात गेला आहे.

आता बांधणीकडे येऊ, कारण इथे कोल्हापूरची बाजू जोरदार आहे, आणि तिच्यात एक खोटही आहे. आपल्याकडे व्हॅक्यूम म्हटलं की साखर कारखान्यातला पॅन डोळ्यांसमोर येतो. पॅनमन पंचवीस-सव्वीस इंच व्हॅक्यूम ठेवतो, रस कमी तापमानाला उकळतो, दाणा बांधतो. पण त्या पॅनमध्ये अजून वातावरणाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास दाब शिल्लक असतो. फ्यूझर चालतो तो वातावरणाच्या साधारण पाऊण लाखाव्या हिश्श्यावर, आणि वायू सोडण्याआधी भांडं त्याहूनही बरंच खाली न्यावं लागतं. तिथे बोटाचा ठसासुद्धा तासन्‌तास वाफ सोडत राहतो. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेलं बीड कितीही देखणं असलं तरी इथे उपयोगाचं नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वायू झिरपत राहतो. फाउंड्रीचं शहर म्हणून छाती पुढे काढणाऱ्यांनी ही गोष्ट आधी पचवावी.

मग उपयोगाचं कोण? दूध संघांच्या टाक्या बनवणारे फॅब्रिकेटर. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला टिग वेल्डिंग करताना मागच्या बाजूने आरगॉन सोडून जोड काळा पडू न देणं, आतला सांधा इतका गुळगुळीत ठेवणं की दुधाचा कण अडकणार नाही, हे कसब या पट्ट्यात आहे. व्हॅक्यूमच्या भांड्याला नेमकं हेच लागतं, फक्त एक सवय मोडावी लागते. मजबुतीसाठी जोड आतून आणि बाहेरून दोन्हीकडून मारायची आपल्याकडे रीत आहे. तसं केलं की दोन वेल्डच्या मधल्या फटीत हवा कोंडते आणि ती आतल्या जोडाच्या एखाद्या सूक्ष्म भोकातून महिनोन्‌महिने आत झिरपत राहते. बाहेरून कितीही गळती शोधा, सापडत नाही, कारण गळती बाहेरून नाहीच. जोड आतून सलग मारायचा, आणि बाहेर आधार लागलाच तर तुटक टाके. एकदा सांगितलं की उद्यमनगरातला मिस्त्री दुसऱ्यांदा विचारत नाही. पण त्याला हे सांगणारं आणि त्याच्याकडून ऐकून घेणारं कुणी विद्यापीठातून खाली उतरत नाही. विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा विभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी नावाजलेला, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला मायक्रॉनमध्ये बोलणारे टर्नर. दोघांची गाठ पडते ती गणपतीच्या मिरवणुकीत.

बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला, ही आठवण असल्या प्रत्येक भाषणात निघते आणि टाळ्या घेऊन जाते. मला तिच्यातली एक वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. त्या कॅमेऱ्याने काम केलं की नाही हे फिल्म धुतली की कळत होतं. चित्र आलं तर आलं, नाही तर नाही. फ्यूझरच्या बाबतीत चांदीच्या पत्र्याचा तो दुहेरी उतार म्हणजे धुतलेली फिल्म. ती नसेल तर बाकी सगळी भाषणंच.

यंत्र सुधारायचं म्हणजे काय, यावरही आपल्याकडे चुकीची समजूत होईल अशी भीती आहे. 'सुधारित मॉडेल' म्हणजे मोठा गोळा आणि जास्त उजेड! प्रत्यक्षात कुठला बदल करावा हे ठरवणं हाच अभ्यास आहे. जाळीच्या तारा कमी केल्या तर आयनांना मोकळी वाट मिळते, पण विद्युतक्षेत्राचा गोल आकार बिघडतो. जाळी ९५ टक्के मोकळी असली तरी दहा-वीस फेऱ्यांत आयन कुठल्या ना कुठल्या तारेवर आपटतोच, तार लाल होते आणि मग इलेक्ट्रॉन ओकू लागते. टंगस्टन ३४०० अंशांपर्यंत वितळत नाही हे खरं, पण त्याआधीच सगळा करंट इलेक्ट्रॉनांच्या उधळपट्टीत जातो. दाब वाढवला तर आपटायला वायू जास्त मिळतो, पण मग यंत्र व्होल्टेज धरत नाही, डिस्चार्ज (वायूतून वाहणारी वीज) लवकर पेटतो आणि व्होल्टेज खाली ओढलं जातं. दाब कमी केला तर व्होल्टेज चढवता येतं, पण डिस्चार्ज पेटतच नाही, मग वेगळा आयनस्रोत जोडावा लागतो. मोह होतो तो व्होल्टेज वाढवायचा, कारण २० हजारांवरून ४० हजारांवर गेलं की संमीलनाची शक्यता दुप्पट होत नाही, ठोकळमानाने नऊ-दहा पट होते. पण त्याच व्होल्टेजला आतले क्ष-किरण अधिक भेदक होतात. भांड्याची पोलादी भिंत जे अडवत होती ते आता काचेच्या खिडकीतून थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांवर. खिडकीला शिशाची काच हवी, त्याहून बरं म्हणजे खिडकीपाशी कॅमेरा आणि माणूस पलीकडच्या खोलीत.

हे सगळं करूनसुद्धा एक भिंत उरते. टॉड रायडर यांनी १९९५ मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं की प्लाझ्मा समतोलापासून दूर ठेवून फ्यूजन करू पाहणाऱ्या बहुतेक कल्पनांमध्ये, प्लाझ्मा तसा राखायलाच मिळणाऱ्या ऊर्जेहून जास्त ऊर्जा खर्च होते. फ्यूझर त्याच जातीचा. आयन एकमेकांना भेटले की एकत्र होण्यापेक्षा एकमेकांना ढकलून भलतीकडे जाण्याची शक्यता कित्येक पट जास्त असते. जाळीतल्या तारांचा अडथळा काढायला चुंबकीय क्षेत्र वापरणारी पॉलीवेल नावाची कल्पना आली, तिच्यावर अमेरिकी नौदलाने बरीच वर्षं पैसा खर्च केला. वीज काही आली नाही. तेव्हा "आमच्या पोरांनी जाळीचा आकार बदलला की क्रांती होईल" असं म्हणणाऱ्या प्राचार्यांना, संस्थाचालकांना आणि विशेषतः रील बनवणाऱ्यांना माझा नमस्कार.

मोठी यंत्रं आहेतच की, मग हा उद्योग कशाला, असं विचारणारे दुसऱ्या टोकाला आहेत. आहेत खरी. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हा टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणारं यंत्र, १९८९ पासून आहे. फ्रान्समधल्या इटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि त्याचं सुमारे ३८०० टन वजनाचं क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राला वेढणारं व्हॅक्यूमचं भांडं, आपल्या देशात हजिऱ्याला बनलं. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ मध्ये लेसरने २.०५ मेगाज्यूल घालून ३.१५ मेगाज्यूल मिळवले, अर्थात लेसर चालवायला भिंतीतल्या सॉकेटमधून सुमारे ३०० मेगाज्यूल लागले ते वेगळं. इटरचं ड्युटेरियम-ट्रिटियमचं काम आता २०३९ वर गेलं आहे. या यंत्रांना लागणारे तंत्रज्ञ आकाशातून पडणार नाहीत. गुवाहाटीजवळ सोनापूरला फ्यूझरच्याच जातीच्या यंत्रावर संशोधन होतं आणि त्यावर शोधनिबंध निघतात. आसाममध्ये होतं ते इथे का नको? मे महिन्याच्या सुट्टीत दोन पोरांना गांधीनगर दाखवून आणणं वेगळं आणि सोमवारी बिघडलेला पंप बुधवारपर्यंत आपणच दुरुस्त करणं वेगळं.

उपयोगांचा बाजार मांडायचीही गरज नाही. फाउंड्रीतल्या कास्टिंगचे दोष न्यूट्रॉनने बघता येतील, असा प्रस्ताव कुणीतरी नक्की लिहील. सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन त्या कामाला फारच अपुरे आहेत आणि साध्या क्ष-किरणांनी ते काम आज होतंच. दुसरा कुणी उसाकडे वळेल. शेती संशोधनात जमिनीतला ओलावा मोजायला न्यूट्रॉन प्रोब वापरतात, आणि त्यातल्या अमेरिशियम-बेरिलियमच्या स्रोतातून सेकंदाला लाखाच्या आसपास न्यूट्रॉन निघतात, म्हणजे आकडा खरंच आवाक्यातला आहे. पण ३० हजार व्होल्टचं यंत्र घेऊन पाटाच्या कडेने उसात शिरणाऱ्या माणसाला मी ओळखही दाखवणार नाही.

हीच गोष्ट धोक्याकडे घेऊन येते. 'अणु' म्हटलं की लोक किरणोत्साराला घाबरतात आणि या यंत्रात सर्वांत आधी माणूस मारते ती वीज. जुन्या क्ष-किरण यंत्राचा ट्रान्सफॉर्मर भंगारात मिळतो, आणि तो एका स्पर्शात माणूस संपवतो. किरणोत्साराचा हिशेब करून पाहा. सेकंदाला १० लाख न्यूट्रॉन देणाऱ्या यंत्रापासून एक मीटरवर, मधे काहीही आड नसताना, तासाला साधारण ११ मायक्रोसिव्हर्ट. सर्वसामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा १००० मायक्रोसिव्हर्ट आहे. दोन मीटरवर तो डोस चौथाईवर येतो, मधे पाण्याच्या टाक्या ठेवल्या की आणखी कमी. तासाभरात तयार होणाऱ्या ट्रिटियमची किरणोत्सारिता सात बेकेरेलच्या आत, आणि आपल्या प्रत्येकाच्या अंगात पोटॅशियममुळे कायम काही हजार बेकेरेल असतात. स्विच बंद केला की न्यूट्रॉन बंद. म्हणून हे यंत्र शहरात नको म्हणणाऱ्यांची भीती मला पटत नाही, आणि घराच्या माळ्यावर बांधू म्हणणाऱ्या पोरांचा उत्साहही पटत नाही. उघड्या टर्मिनलपर्यंत हात पोचणारच नाही अशी जाळी, दार उघडताच वीज तोडणारा स्विच, आत हात घालण्याआधी अर्थिंगचा दांडा टेकवायचा नियम, आणि एकट्याने यंत्र कधीच चालवायचं नाही. ही शिस्त संस्थेत पाळता येते, माळ्यावर नाही. बाहेरच्या देशांत हौशी लोक घरी बांधतात म्हणून आपणही बांधू, हा युक्तिवाद आमच्या वायरिंगची अवस्था बघितली की गळून पडतो.

परवानगीचं काय? न्यूट्रॉन देणारं यंत्र म्हटलं की अणुऊर्जा नियामक मंडळ आलं, विकिरण सुरक्षा अधिकारी आला, डोस मोजणारे बिल्ले आले. हे असायलाच हवं. शहरातल्या क्ष-किरण केंद्रांना आणि रेडिओथेरपी विभागांना हे सगळं रोजचं आहे. त्यांच्यातला एखादा मेडिकल फिजिसिस्ट विद्यापीठाला हाताशी घेता येईल. मंडळाकडे माझी मागणी एवढीच की बंद करता येणाऱ्या अशा छोट्या यंत्रांसाठी, एखाद्या महाविद्यालयाच्या विभागप्रमुखाला वाचून समजेल अशी मार्गदर्शिका मराठीत द्यावी. आज होतं काय, तर नियम अवघड वाटतात म्हणून शहाणे बाजूला राहतात आणि न वाचणारे धाडस करतात. ड्युटेरियमचीही तीच कथा. जड पाणी आपल्याच राज्यात, अलिबागजवळ थळला बनतं, पण शिक्षणासाठी थोडंसं हवं असेल तर दार कुठलं ठोठवायचं हे प्राध्यापकांना सरळ सांगितलं जावं.

पहिलं वर्षभर ड्युटेरियम आणूच नये. आरगॉन आणि हवेवर, कमी व्होल्टेजला यंत्र चालवावं, गळती, गेज, पंपाचं तेल, ठिणग्या यांच्याशी ओळख करून घ्यावी, आणि मोजकाला न्यूट्रॉन नसताना किती न्यूट्रॉन 'दिसतात' ते लिहून ठेवावं. वर्षभराच्या त्या नोंदी खरं तर सगळ्यात मोलाच्या.

आधी खड्डे बुजवा, पंचगंगा स्वच्छ करा, मग सूर्य आणा, असंही कुणी म्हणेलच. खड्डे बुजवायचे पैसे वेगळे, ते कुणी थांबवलेले नाहीत, आणि फ्यूझर आला नाही म्हणून नदी स्वच्छ झाली असंही घडलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी या शहराने चार दशकं आंदोलनं केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते पदरात पाडून घेतलं. प्रयोगशाळेसाठी मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. जिल्हा नियोजन समिती, विद्यापीठाचा निधी आणि दोन-चार कारखानदार एकत्र आले तर पैशाची अडचण नाही, कारण भांडं, फ्लँज, पाण्याच्या टाक्या, जाळ्या, अर्थिंग असं बरंच काही इथेच बनेल. बाहेरून आणावे लागतील पंप, गेज आणि न्यूट्रॉनचा मोजक.

अडचण माणसाची आहे. अनुदानातून यंत्र येतं, ते चालवणारं पद मात्र येत नाही. तीन वर्षांनी प्रकल्प संपतो, संशोधक विद्यार्थी पीएचडी घेऊन निघून जातो आणि पंपाचं तेल कुणी बदललं होतं हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे मंजुरीच्या पहिल्याच कागदावर एका कायम तंत्रज्ञाचं पद असावं. पदव्युत्तर पदवीची अट नको. आयटीआय झालेला, टिगचा हात असलेला, रोटरी पंप खोलून परत जोडणारा माणूस पाहिजे, आणि पगार असा की तो चाकणला पळून जाणार नाही. चांदीच्या पत्र्याचा आलेख ज्या दिवशी नीट येईल आणि त्यावर निबंध लिहिला जाईल, त्या दिवशी लेखकांच्या यादीत विभागप्रमुखांच्या बरोबरीने त्याचंही नाव छापलं जावं. हे मान्य नसणाऱ्या विभागाला यंत्र देऊ नये, दुसरा विभाग शोधावा.